लघुदृश्य आणि इतिहास : साताऱ्याच्या वेढ्याच्या अनुषंगाने

दिवाळीच्या दिवसांत सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील घराघरांच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगडविटांची रचना, तिच्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट, वर लाल माती, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, आणि कुंभाराकडून आणलेली साच्यातील चित्रे असे त्यांचे सर्वपरिचित स्वरूप आहे. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित छत्रपती, दाराशी पहारेकरी, वाटेवर भालाईत मावळे आणि पायथ्याशी बाजार हा त्याचा ठरलेला क्रम होय. मुलांचा खेळ म्हणून या प्रथेकडे कौतुकाने पाहिले जाते. परंतु भूमी, तट आणि माणसे यांचा परस्परसंबंध घन रूपात मांडण्याचा हा प्रयत्न इतिहासाच्या अभ्यासकानेही गांभीर्याने विचारात घ्यावा असा आहे.

अशा देखाव्याचा पहिला प्रश्न प्रमाणाचा असतो. दिवाळीच्या किल्ल्यातील मावळा सामान्यतः तीन इंच उंच धरला, तर साडेपाच फुटी माणसाचे ते सुमारे बावीसपट लघुरूप ठरते. याच प्रमाणात आसपासच्या प्रदेशापासून सुमारे एक हजार फूट उंच असलेला अजिंक्यताऱ्याचा डोंगर पंचेचाळीस फुटांचा करावा लागेल. अंगणातील डोंगर मात्र दोन-तीन फुटांपलीकडे जात नाही. शिवाय राजाची मूर्ती बहुधा मावळ्याहून मोठी असते. म्हणजे येथे आकार अंतरावरून ठरत नाही, महत्त्वावरून ठरतो. लोकस्मृतीने माणसाला मोठे केले आणि डोंगराला लहान केले. स्मृतीचा हा न्याय समजण्यासारखा आहे. पण गिरिदुर्गाच्या युद्धात डोंगर हेच मुख्य शस्त्र असल्यामुळे या न्यायाने युद्धाचे कारणच दृष्टिआड होते.

युरोपात याच्या उलट मार्ग अनुसरला गेला. फ्रान्सचा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत १६६८ पासून लुव्हा या मंत्र्याच्या प्रेरणेने तटबंदीयुक्त नगरांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांचे प्रमाण सामान्यतः सहाशेस एक असे होते. त्यांत भूमीचे चढउतार, तट आणि खंदक काटेकोरपणे दाखविले, कारण त्यांचा उपयोग वेढ्याची योजना आखण्यासाठी व्हावयाचा होता. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम सायबोर्न या लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती केली. एका मैलास नऊ फूट हे तिचे प्रमाण होते आणि १८३८ मध्ये ती लंडनला प्रदर्शित झाली. त्यासाठी त्याने रणांगणावर महिनोन्महिने राहून मोजणी केली आणि लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून ठरावीक घटकेला कोणती पलटण कोठे होती हे विचारले. प्रशियन सैन्याच्या स्थानाविषयी वाद निर्माण झाल्यावर त्या सैन्याच्या हजारो आकृत्या त्याला काढून टाकाव्या लागल्या. प्रतिकृती पुरी झाली, पण तिच्यापेक्षाही मोलाचा ठरला तो तिच्यासाठी जमलेला पत्रव्यवहार. लघुदृश्य करू जाणाऱ्यास गद्याला टाळता येणारे प्रश्न टाळता येत नाहीत, याचे हे ठळक उदाहरण होय. “सैन्य जवळच होते” असे वाक्य लिहिता येते. आकृती मात्र कोठेतरी नेमकी ठेवावीच लागते.

ही कसोटी १६९९–१७०० च्या साताऱ्याच्या वेढ्यास लावून पाहणे उद्बोधक ठरते. वसंतगड घेतल्यानंतर डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब साताऱ्यापुढे आला. ग्रँट डफच्या वर्णनानुसार बादशहाचा तळ उत्तरेस करंजे येथे, शहजादा आजमचा पश्चिमेस शहापूर येथे, शिर्झाखानाचा दक्षिणेस आणि तरबियतखानाचा पूर्वेस होता. किल्लेदार प्रयागजी प्रभू होता. मुख्य मारा ईशान्य कोपऱ्यावर झाला. तेथील एकूण उंची सदुसष्ट फूट, त्यांपैकी बेचाळीस फूट अखंड खडक आणि पंचवीस फूट बांधकाम, असे ग्रँट डफ नमूद करतो. १८१८ नंतर तो साताऱ्याच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी होता, हे या तपशिलाचे मूल्य ठरविताना ध्यानात घेतले पाहिजे.

हा कोपरा बहात्तरास एक या प्रमाणात केल्यास माणूस एक इंचाहून किंचित कमी आणि तट सुमारे अकरा इंच होतो. त्यातील सात इंच नुसता कडा. तोफेच्या गोळ्याला वरच्या चार इंचांवरच परिणाम करता येईल हे येथे डोळ्यांना दिसते, आणि तरबियतखानाने खडकात सुरुंग खणण्यात महिने का घालविले याचा उलगडा होतो. एप्रिल १७०० मध्ये ते सुरुंग उडाले. पहिल्या स्फोटात तटावरील लोक गाडले गेले. ढिगाऱ्याखाली सापडलेला प्रयागजी जिवंत निघाला. दुसऱ्या स्फोटाने मात्र कडा बाहेरच्या बाजूस कोसळला आणि हल्ल्यासाठी पायथ्याशी गोळा झालेले सुमारे दोन हजार मोगल सैनिक ठार झाले. लघुदृश्यात एकच क्षण गोठविता येतो. तो दोन स्फोटांमधला निवडला, तर सैन्य कड्याच्या किती निकट उभे होते आणि उतारावर मागे सरण्यास किती थोडी जागा होती, हा प्रश्न कर्त्यापुढे अटळपणे उभा राहतो.

परंतु याच प्रमाणात सगळा डोंगर करावयाचा तर त्याची उंची चौदा फुटांच्या घरात जाईल. म्हणून सहाशेस एक हे प्रमाण घेतल्यास डोंगर वीस इंचांचा होतो, चारही छावण्या एका दृष्टिक्षेपात येतात. मात्र माणूस एका इंचाच्या नवव्या हिश्श्याएवढा उरतो आणि सुरुंग खणणारा बेलदार नाहीसा होतो. एक प्रमाण सैनिकाचा इतिहास सांगते, दुसरे सेनापतीचा.

दोन्ही प्रमाणांत न मावणारी एक गोष्ट उरतेच. परळीच्या गडावरून, म्हणजे सज्जनगडावरून, परशुराम त्रिंबकाने साताऱ्यास रसद पोहोचविली आणि आजमने तिकडे काणाडोळा केला असे ग्रँट डफ सांगतो. परळी काही मैल दूर असल्यामुळे ती मेजावर येत नाही. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तेही चौकटीबाहेर. २१ एप्रिल रोजी किल्ला वाटाघाटीने स्वाधीन झाला, तो कोसळलेल्या कड्यावरून चढून कोणी जिंकला नाही. सर्वांत नेत्रदीपक क्षण दाखविणारे लघुदृश्य निर्णायक कारण दाखवीलच असे नाही.

सांगली जिल्ह्यातील मिरजेचा किल्ला भुईकोट. १७३९ मध्ये शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत तो मराठ्यांनी घेतला. तेथे उंचीऐवजी खंदकाची रुंदी आणि मोर्चांचे अंतर यांना महत्त्व येते. अंगणातील ठरीव साच्यात मिरज बसत नाही; म्हणूनच दिवाळीचा किल्ला जवळजवळ नेहमी डोंगरी असतो, आणि त्यात शत्रू, उपासमार व शरणागती यांना सहसा जागा नसते.

विद्यापीठीय अध्यापनात अशा प्रतिकृतींचा उपयोग करावयाचा असेल, तर एक साधा नियम उपकारक ठरेल : आधार असलेला भाग रंगवावा आणि अनुमानाने भरलेला भाग कच्च्या मातीच्या रंगातच ठेवावा. साताऱ्याच्या वेढ्यात तटाची उंची रंगविता येईल, छावण्यांच्या दिशा रंगविता येतील. प्रत्येक तंबूची जागा आणि बहुसंख्य चेहरे मात्र मातीचेच राहतील. तो न रंगविलेला भाग पाहणाऱ्यास पुढील संशोधनाची दिशा दाखवील.

दिवाळीचा किल्ला या नियमाने बांधावा अशी अपेक्षा कोणी करू नये. त्याचे कार्य वेगळे आहे आणि ते त्याने उत्तम रीतीने पार पाडले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्या अंगणातून बाहेर पडताना डोंगराची उंची पुन्हा एकदा मोजून पाहावी.