चोर आला की सायरन कसा वाजतो? घर-दुकानातल्या अलार्मची माहिती

सोयाबीनचे पैसे घरात आलेले असतात, नाहीतर लग्नासाठी कुलूप लावून सगळे परगावी गेलेले असतात. चोराला तेवढंच पुरतं. उदगीर, देगलूर, मुखेडसारख्या बाजारपेठेत दुकान असो की खेड्यात घर, अलार्म बसवण्याआधी तो चालतो कसा ते समजून घ्या.

दार-शटरचा सेन्सर : याचे दोन तुकडे असतात. एक चौकटीवर, दुसरा चुंबकाचा तुकडा दारावर. दार उघडलं की चुंबक दूर जातो आणि पॅनलला खबर लागते.

हालचालीचा सेन्सर : हा माणसाच्या अंगाची उष्णता हलताना टिपतो. पण मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात हवाच अंगाएवढी तापते, तेव्हा तो चुकू शकतो. त्याच्या एकट्यावर भिस्त नको, शटरलाही सेन्सर लावा.

पॅनल : हा सायरन वाजवतो. आत सिमकार्ड असेल तर मालकाला फोनही लावतो. लाइट गेली तर बॅटरीवर चालतो.

सिमचा रिचार्ज संपला किंवा बॅटरी उतरली, की डबा नुसता भिंतीला शोभेला. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून, अलार्म चालू ठेवून शटर उघडून बघा. सायरन वाजतो का, फोन येतो का?

अलार्म चोराला धरत नाही, माणसं जागी करतो. म्हणून गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जा. रात्री फोन आलाच तर एकट्याने धावू नका, शेजारी उठवा आणि ११२ वर पोलिसांना कळवा.