शून्य गणाची कुळकथा

१८६९ साली दिमित्री मेंडेलीव्हने तेव्हा ठाऊक असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडली. गुणधर्म जुळावेत म्हणून पुढे त्याने काही घरे मोकळी सोडली. गॅलियम आणि जर्मेनियम यथावकाश तिथे येऊन बसले. पण सारणीच्या उजव्या कडेचा अख्खा स्तंभ त्याच्या कल्पनेतही नव्हता. तो सापडला वजनातल्या किरकोळ तफावतीमुळे.

भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांतून मिळवलेल्यापेक्षा दर वेळी सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरे. एवढा फरक उपकरणाच्या माथी मारणे सोपे होते. रॅलेंनी तसे केले नाही. १८९२ मध्ये ‘नेचर’मध्ये पत्र लिहून त्यांनी रसायनशास्त्रज्ञांनाच कारण विचारले. या कथेतला सर्वांत मोलाचा क्षण मला हाच वाटतो. खरे तर धागा शतकापूर्वीच हाती आला होता. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हवेतला नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी संपवत नेला, तेव्हा एक बुडबुडा काही केल्या संपेना. तो मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही, एवढे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

रॅलेंचे कोडे सोडवायला रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झे यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतून मिळवलेला नायट्रोजन पुन्हा पुन्हा नेला. शेवटी उरलेला वायू कशाशीच संयोग पावेना. १८९४ मध्ये आर्गॉन जाहीर झाला आणि पंचाईत झाली: अणुभार सुमारे ४०, पोटॅशियमपेक्षाही जास्त, आणि सारणीत जागा नाही! मेंडेलीव्हला तो तीन अणूंचा नायट्रोजनच वाटला. पण १८९५ मध्ये रॅम्झेंना क्लेव्हाइट खनिजात हेलियम सापडला. १८६८ पासून त्याची पिवळी रेषा फक्त सूर्याच्या वर्णपटात माहीत होती. १८९८ मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्सच्या साथीने द्रवरूप वायू उकळवत त्यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन वेगळे केले. एकट्या आर्गॉनला घर नव्हते, कुटुंबाला मिळाले. संयुजा शून्य, म्हणून शून्य गण. मेंडेलीव्हनेही तो मान्य केला. आर्गॉन पोटॅशियमच्या आधी का, याचे उत्तर मात्र १९१३ नंतर भौतिकशास्त्रज्ञ मोझलीच्या कामातून मिळाले: क्रम ठरतो अणुक्रमांकाने, अणुभाराने नव्हे.

१९६२ मध्ये नील बार्टलेटने व्हँकुव्हरला झेनॉनचे संयुग बनवले. त्यामुळे संयुजा शून्य हे वर्णन सर्वांना लागू राहिले नाही. आज तो स्तंभ अठरावा गण म्हणून ओळखला जातो.