औषध की तंबाखू? व्हेपवाल्यांची केस

आजची गोष्ट अमेरिकेतल्या एका कोर्टकेसची आणि त्यातल्या एका शब्दाची. मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे व्हेरिएबलचा टाइप एकदा ठरला की पुढे त्याचं काय करता येईल तेही ठरतं. कायद्याचंही तसंच आहे.

ई-सिगारेट आली चीनमधून. होन लिक नावाच्या फार्मासिस्टने ती २००३च्या सुमारास बनवली. बॅटरी, तापणारी तार आणि निकोटिनचं द्रावण, बस्स. काही वर्षांत ती अमेरिकेत पोचली आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, माल बंदरावरच अडवायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, निकोटिन शरीरावर परिणाम करतं, म्हणून हे औषध. आधी ट्रायल करा, परवानगी घ्या, मग विका. छोट्या कंपन्यांसाठी हे म्हणजे दुकानाला टाळंच.

एप्रिल २००९मध्ये स्मोकिंग एव्हरीव्हेअर ही कंपनी वॉशिंग्टनच्या कोर्टात गेली. पाठोपाठ ‘एनजॉय’ ब्रँड विकणारी सोटेरा. युक्तिवाद साधा होता: आम्ही सिगारेट सोडवायचा दावा करत नाही. निकोटिन तंबाखूतून काढलेलं आहे, तर आम्हाला तंबाखूच म्हणा! केस चालू असतानाच, जून २००९मध्ये, ओबामांनी तंबाखू नियंत्रणाच्या नव्या कायद्यावर सही केली. त्यात ‘तंबाखू उत्पादन’ हा वेगळा कप्पा तयारच होता.

जानेवारी २०१०मध्ये न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी कंपन्यांच्या बाजूने आदेश दिला. ७ डिसेंबर २०१०ला अपील कोर्टानेही तो कायम ठेवला. उपचाराचा दावा नसेल तर ही तंबाखूच, असा निकाल. सिगारेट सोडून व्हेपवर आलेल्यांनी २००९मध्येच ‘कासा’ नावाची संघटना काढली होती. त्यांच्यासाठी प्रश्न सरळ होता: हे बंद झालं तर आम्ही परत धुराकडे जायचं का?

आता गंमत बघा. शिक्का मागून घेतला, तर त्याचे नियमही आले. मे २०१६मध्ये एफडीएने ई-सिगारेटला तंबाखूचा कायदा लावला. त्यात एक तारीख आहे, १५ फेब्रुवारी २००७. त्या दिवशी बाजारात असलेल्या मालाला नव्या परवानगीची गरज नाही. म्हणजे जुनी सिगारेट बिनधास्त दुकानात, आणि तिच्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येक व्हेपने मात्र आपण लोकहिताचे आहोत हे सिद्ध करायचं. व्हेपवाल्यांची ही तक्रार मला रास्त वाटते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१९च्या सरकारी सर्वेक्षणात अमेरिकेतल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं. डॉक्टरांच्या आणि आरोग्य संस्थांनी उलट एफडीएवरच केस केली, की परवानगीशिवाय हा माल विकू कसा देता? त्याच वर्षी मेरिलँडच्या कोर्टाने ते मान्य केलं. अर्जांची मुदत सप्टेंबर २०२० ठरली. लाखो उत्पादनांचे अर्ज आले, मंजूर झाले मोजके. गोड फ्लेवर नाकारल्यावर एका कंपनीने घातलेला वाद शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. २ एप्रिल २०२५ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एफडीएच्या बाजूने कौल दिला.

आणि तो एनजॉय ब्रँड? मधे दिवाळखोरी, मालक बदलले. २०२२मध्ये त्याला परवानगी मिळाली. २०२३मध्ये मार्लबोरोवाल्या आल्ट्रियाने तो सुमारे २७५ कोटी डॉलरला विकत घेतला. ‘आम्हाला तंबाखूच म्हणा’ हे आता अक्षरशः खरं झालं.

माझं मत विचाराल तर कप्पे दोनच होते, आणि वस्तू तिसरीच होती. कोर्ट नवा कप्पा बनवू शकत नाही, ते काम कायदा करणाऱ्यांचं. आपल्याकडे २०१९मध्ये ई-सिगारेटवर सरसकट बंदी आली, बिडी-सिगारेट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत आहेच. हे बरोबर की चूक? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!