रोव्हर्स चषक

रोव्हर्स चषक : मुंबई येथे १८९१ ते २०००–०१ या काळात, अधूनमधून खंड पडत, भरलेली क्लबांची फुटबॉल स्पर्धा. सिमल्याचा ड्युरँड चषक (१८८८) आणि कलकत्त्याची आयएफए शील्ड (१८९३) यांच्याबरोबरीने देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांत तिची गणना होई.

मुंबईतील फुटबॉलप्रेमी ब्रिटिशांनी ती सुरू केली. वुस्टरशर रेजिमेंटची पहिली बटालियन पहिली विजेती ठरली. त्यानंतरही चषक दीर्घकाळ ब्रिटिश पलटणींकडेच राहिला. पुढे १९११ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने स्पर्धेची व्यवस्था पाहिली. दक्षिण मुंबईतील कूपरेज हे तिचे मुख्य क्रीडांगण होय.

या स्पर्धेचा इतिहास म्हणजे चषक कोणाचा, या प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास आहे. मोहन बागानने १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. हाच संघ १९२३ मध्ये रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला पराभूत केले. अखेर १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या नागरी संघाने चषक प्रथमच भारतीयांच्या हाती आणला व पुढील वर्षीही तो राखला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स व ड्युरँड असे दोन्ही चषक पटकाविले. स्वातंत्र्यापूर्वीच लष्करी मक्तेदारी अशी मोडली होती.

स्वातंत्र्योत्तर काळातील पहिले मोठे पर्व हैदराबाद सिटी पोलीस संघाचे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने १९५०–५४ अशी सलग पाच वर्षे चषक जिंकला. रहीम यांच्याच प्रशिक्षणाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. मोहन बागानने १९५५ मध्ये प्रथम आणि एकूण १४ वेळा हे अजिंक्यपद मिळविले. मुंबईच्या कॅल्टेक्सने १९५८ मध्ये चषक जिंकला. तेल कंपन्या व कापड गिरण्या खेळाडूंना नोकरी देऊन संघ बाळगीत. शहरातील फुटबॉलचा तो मोठा आधार होता. १९७० नंतर धेंपो, साळगावकर या गोव्यातील संघांनीही चषकावर नाव कोरले.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाल्यावर क्लबांचा हंगाम लीगच्या सामन्यांनी व्यापला आणि बाद पद्धतीच्या जुन्या स्पर्धांचे महत्त्व ओसरले. त्यातच कंपन्यांचे संघ एकेक करून बंद होत गेले. २०००–०१ मधील मोहन बागानचा विजय हा अखेरचा ठरला. ड्युरँड चषकाला सैन्यदलांचा आश्रय असल्याने तो टिकला. रोव्हर्सचे मूळ लष्करी स्पर्धक १९४७ नंतर मायदेशी परतले, गिरण्या व कंपन्यांचे पाठबळही आटले. चषकाचा भार उचलणारी तिसरी संस्था मुंबईत पुढे आली नाही.