उलटे राजचिन्ह आणि जळलेला वाडा

एखादा पडका वाडा दिसला की तो शत्रूनेच पाडला असणार, असे आपण सहसा गृहीत धरतो. पोर्तुगालच्या पूर्व सीमेवरील कास्तेलो रोद्रिगो या डोंगरमाथ्यावरच्या तटबंद गावात हे गृहीतक टिकत नाही.

पोर्तोहून दोरू नदीने वर निघालेले प्रवासी जहाज पाच धरणे ओलांडून बार्का द'आल्वाच्या धक्क्याला लागते. पुढे स्पेनची हद्द सुरू होते. तेथून बदामाच्या झाडांमधून चढत जाणारा रस्ता आम्हां प्रवाशांना या गावात घेऊन आला. हाताशी मोजके तास होते. पण गावातल्या दोन गोष्टींपाशी आम्ही रेंगाळलो.

पहिली गोष्ट गावाच्या बोधचिन्हाची. त्यात पोर्तुगालचे राजचिन्ह उलटे आहे. १३८३ ते १३८५ या काळातील वारसाहक्काच्या संघर्षात गावाने कास्तीलच्या राजाशी विवाह झालेल्या राजकन्या बियात्रिसचा पक्ष घेतला. त्याची शिक्षा म्हणून विजयी राजा पहिला जुआंव याने हे चिन्ह उलटे करविले, असे परंपरा सांगते.

दुसरी गोष्ट क्रिस्तोव्हांव द मोराच्या वाड्याची. १५८० मध्ये पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे जावे यासाठी झटलेला हा मुत्सद्दी पुढे कास्तेलो रोद्रिगोचा मार्क्विस आणि पोर्तुगालचा व्हाइसरॉय झाला. गोवाही तेव्हा साठ वर्षे याच स्पॅनिश राजांच्या अंमलाखाली होता. डिसेंबर १६४० मध्ये लिस्बनने स्पेनची सत्ता झुगारली आणि ती वार्ता येताच गावकऱ्यांनी वाडा पेटवून दिला. मोरा १६१३ मध्येच वारला होता. मग ही आग कोणासाठी होती?

उत्तर शोधताना १२९७ हे साल विसरून चालणार नाही. हा प्रदेश त्या वर्षीच्या अल्कानिसेसच्या तहाने पोर्तुगालकडे आला. त्यापूर्वी तो लेओनच्या राज्यात होता. म्हणजे ज्या निष्ठेचा भंग केल्याचा ठपका गावावर आला, ती निष्ठा जेमतेम ८६ वर्षांची होती. सीमा राजांनी हलवली, द्रोहाचा डाग मात्र गावाच्या माथी आला. वाडा जाळताना गावकरी मोराइतकाच तो जुना डागही जाळत असावेत, असे आम्हांस वाटते. १६६४ मध्ये ओसुनाच्या ड्यूकने कास्तीलची फौज घेऊन वेढा दिला तेव्हा गावातील लहानशी शिबंदी तग धरून राहिली, आणि ७ जुलैला पेद्रो जाकिस द मागाल्यांइश याने ड्यूकचा पराभव केला.

इतक्यावरही राजचिन्ह उलटेच राहिले आणि वाडा भग्नच. राजाने दिलेली शिक्षा आणि प्रजेने दिलेली शिक्षा, दोन्ही एकाच गावात जपल्या गेल्या आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही सापडेल: ‘फितुरी’ हा शब्द वाचताना तो कोणी, केव्हा आणि कोणत्या सीमेच्या आत उभे राहून लिहिला, हे आधी पाहावे लागते.