पट्ट्यांचा दगड: आधी श्वास, मग पोलाद

आजचा एपिसोड एका दगडाचा. नदीपात्रातल्या गोट्यांत कधी कधी असा एखादा मिळतो, ज्यावर लाल आणि काळसर पट्टे एकाआड एक असतात.

दख्खनच्या नद्यांत पट्टेवाला गोटा दिसला तर तो बहुतेक अकीक असतो. अकीक बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होतो आणि त्याच्या पातळ कडेतून उजेड पार होतो. आजचा दगड वेगळा आहे. हा समुद्रतळाच्या गाळातून बनलेला, लोहाच्या पट्ट्यांचा खडक. आकाराच्या मानाने चांगलाच जड लागतो. काळा पट्टा टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा. लालसर रेघ उमटली तर हेमॅटाइट, चुंबक चिकटलं तर मॅग्नेटाइट. मधले पट्टे सिलिकाचे, त्यांच्यावर चाकूचा ओरखडा उठत नाही.

यातले बहुतेक थर 180 कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत. तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, म्हणून समुद्राच्या पाण्यात भरपूर लोह विरघळलेलं असायचं. मग सूक्ष्म जीव उन्हावर जगत ऑक्सिजन सोडू लागले. लोह गंजलं, तळाशी बसलं. त्यावर सिलिका, मग पुन्हा लोह. बरंचसं लोह असं संपल्यावरच ऑक्सिजन हवेत साठू लागला, जो आज आपण घेतोय.

आता थेट 1904 मध्ये येऊ. जमशेटजी टाटांची नजर आधी आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर होती, पण जवळचा कोळसा पोलादासाठी चालेना. 24 फेब्रुवारीला भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी त्यांना पत्र लिहिलं: मयूरभंज संस्थानात, गोरुमहिसाणीच्या डोंगरात उत्तम लोह आहे. असल्या पट्ट्यांतली सिलिका काळाच्या ओघात निघून गेली, की मागे असंच उंची खनिज उरतं. जमशेटजी त्याच मे महिन्यात गेले. पण सुवर्णरेखा आणि खरकाईच्या संगमाजवळ, साकचीला कारखाना उभा राहिला आणि 1912 मध्ये तिथे पोलाद तयार झालं. तेच आजचं जमशेदपूर.

आता मुद्द्याची गोष्ट. आजच्या समुद्रात ऑक्सिजन आहे, त्यामुळे लोह तसं साठून राहत नाही. असे जाड थर आता बनत नाहीत. खाणीतून जे निघालं, ते कायमचं निघालं.

म्हणून असा गोटा मिळाला तर कुठल्या नदीत, कुठल्या गावाजवळ मिळाला ते लिहून ठेवा. गोटा नदीत सापडतो खरा, पण पत्ता वरच्या डोंगराचा सांगतो. भेटू पुढच्या भागात!