बातम्यांची पट्टी आणि पडद्याची झीज

बाबा साताऱ्याहून एचएसआर लेआउटमधील आमच्या घरी आले की दिवसभर मराठी वृत्तवाहिनी चालू असते. परवा चित्रपट लावला, तर समुद्राच्या दृश्यावर बातम्यांच्या पट्टीची मळकट छाया दिसली. "केबल बिघडली असेल," बाबा म्हणाले. केबल ठीक होती. पडदा झिजला होता.

या झिजेचा इतिहास जुना आहे. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये घडवलेल्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत प्रस्फुरक लेपावर आदळून प्रकाश निर्माण होई. मारा सतत एकाच जागी झाला की तेथील लेप निस्तेज होत असे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा प्रसारण मोजक्या तासांचे असल्याने पडद्याला विश्रांती मिळे. संगणकावरची अक्षरे मात्र तासन्‌तास स्थिर राहत. म्हणूनच १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी कळफलक काही मिनिटे निश्चल राहिल्यास पडदा काळा करणारी छोटी आज्ञावली प्रसिद्ध केली. 'स्क्रीन सेव्हर' हे नाव तेव्हा शब्दशः खरे होते.

पुढे द्रवस्फटिकांचे पडदे आले. द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत, मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. त्यामुळे तेथे उमटलेली छाया बहुधा तात्पुरती असते. या क्षेत्रात आपल्या बेंगळुरूचाही वाटा आहे. रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी १९७७ मध्ये रामन संशोधन संस्थेत चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक बनतात हे दाखवले. अशाच रेणूंच्या पातळ पटलांमुळे पुढे हे पडदे बाजूने पाहतानाही स्पष्ट दिसू लागले.

ओएलईडीने जुना प्रश्न परत आणला. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या या तंत्रात सेंद्रिय थर स्वतःच प्रकाशतो आणि वापरागणिक म्हातारा होतो. निळा सर्वांत लवकर. पट्टीखालचे बिंदू शेजाऱ्यांपेक्षा अधिक थकले की छाया उमटते.

यावर उपाय म्हणून असे अनेक टीव्ही रिमोटने बंद केल्यावर, वीज चालू असताना, बिंदूंची झीज मोजून दुरुस्ती करतात. बाबा मात्र रोज रात्री न चुकता भिंतीवरचे बटण बंद करतात. जुन्या टीव्हीच्या काळातली ही काटकसर मलाही त्यांनीच शिकवली. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट असूनही, नव्या पडद्याला रात्रीही वीज लागते हे मी त्यांना सांगितले नव्हते.

आता ते बटण रात्री चालू राहते. छाया थोडी फिकटली आहे. पूर्ण जाणार नाही.